अंगठ्याचं बाळंतपण

खुंटांची साल सुटत नव्हती.

पावसाने त्या वर्षी दोनदा तोंड दाखवलं आणि दोन्ही वेळा घाईतल्या पाहुण्यासारखा उभ्याउभ्याच परत गेला. रोपवाटिकेत रानलिंबाचे खुंट ओळीने उभे होते, पेन्सिलीएवढे जाड, डोळे भरायला अगदी तयार. पण आत रसच नाही तर साल सुटणार कशी? डोळेवाली रोज सकाळी यायची, एखाद्या खुंटाजवळ उकिडवी बसायची, मातीपासून वीतभर वर चाकूने चीर द्यायची आणि पात्याच्या टोकाने साल उचलून बघायची. साल लाकडाला घट्ट चिकटलेली. ओढली की धागेधागे होऊन फाटायची.

"नाही अजून," ती मालकाला सांगायची.

"मग कधी?"

"ते खुंटाला विचारा. मला काय विचारता?"

दुसऱ्या कुणा बाईने असं उत्तर दिलं असतं तर मालकाने तिला तिथूनच घरी पाठवलं असतं. हिचं ऐकून घ्यावं लागायचं. संत्र्याच्या चांगल्या झाडाची काडी घ्यायची, तिच्यावरचा एकेक डोळा सालीच्या कपच्यासकट उतरवायचा आणि रानलिंबाच्या सालीखाली सरकवून वरून पट्टी आवळायची, याला डोळा भरणं म्हणतात. सांगायला एक वाक्य पुरतं, शिकायला अर्धा जन्म जातो. पातं आपल्याच उजव्या अंगठ्याकडे ओढायचं असतं आणि डोळा सुटला की तो पातं आणि अंगठा यांच्यामध्येच झेलायचा असतो. मग डाव्या अंगठ्याने तो सालीखाली दाबायचा. खाली पडला, माती लागली, की संपला. बाकीच्या बायकांचे शंभरात साठ-सत्तर डोळे जगायचे, हिचे पंच्याण्णव. त्यामुळे तिचं खरं नाव कुठल्या कुठे गेलं आणि ती डोळेवाली झाली. "लोकांनी नावं ठेवण्यापेक्षा एकच नाव ठेवलेलं बरं," असं ती म्हणायची.

त्या दिवशी मालक तिच्याशेजारी बांधावर बसला. तो सहसा बसत नसे.

"डोंगरापलीकडे एका मोठ्या बागेचं काम घेतलंय मी," तो म्हणाला. "तिथे पाणी आहे. साल अशी सुटतेय की केळं सोलावं. सहा आठवडे जायचं. राहायला खोली, दोन वेळचं जेवण. आणि तू चाकू कमी धरायचास. वीस बायका तुझ्या हाताखाली. कोण बरोबर भरतंय, कोण वाया घालवतंय, ते तू बघायचं."

"मुकादम?"

"मुकादम म्हण, मास्तरीण म्हण. त्या बागवाल्याने नाव घेऊन मागितलंय तुला."

डोळेवालीने चाकू मिटला. तिला इतका आनंद झाला की तो दिसू नये म्हणून तिने मान खाली घातली आणि उगाचच खुंटाबुडची माती सारखी केली. बावीस वर्षं ती हे काम करत होती. तिला कुणी नाव घेऊन मागितल्याची ही पहिली वेळ होती.

घरी आली तर उंबऱ्यावर सासरा बसला होता. त्याच्या हातात पाकीट.

"पोस्टमन देऊन गेला," तो म्हणाला. "सरकारी आहे. कागद जाड लागतोय."

सासऱ्याला दिसायचं नाही. एक डोळा पुरता गेला होता, दुसऱ्याने उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. एकेकाळी तोही डोळे भरायचा, सुनेला त्यानेच शिकवलं होतं. "दुसऱ्यांचे भरता भरता माझेच रिकामे झाले," हा त्याचा विनोद घरातल्या सगळ्यांना पाठ होता आणि तरी तो दर नव्या माणसाला सांगायचा.

पत्र मोठ्या दवाखान्यातून आलं होतं. तीन वर्षांपूर्वी तिने अर्ज टाकला होता आणि विसरून गेली होती. धुलाई खात्यात जागा निघाली होती. चादरी, गाद्यांच्या खोळी, पेशंटचे कपडे धुण्याचं काम. पत्रात एक शब्द ठळक छापला होता: कायम.

आत खाटेवर नवरा बसला होता. तो झोपत नसे, बसूनच असे, कारण आडवं झालं की श्वास अडायचा. खडीच्या क्रशरवर तो चौदा वर्षं होता. चौदाही वर्षं तात्पुरता. खोकला तेवढा कायम झाला. दर बुधवारी ती त्याला मोठ्या दवाखान्यात न्यायची. तिथे बाहेरच्या माणसांना व्हरांड्यात सतरंजीवर बसवून दोन तास हवेची नळी लावत. दोन तासांत ओठांचा निळेपणा जरा जायचा, की नळी काढून पुढच्याला. दवाखान्यातल्या कायम नोकरांच्या घरच्यांना मात्र वरच्या मजल्यावर खाट मिळे. हवा दिवसरात्र, औषध खाटेवर, आणि उठ म्हणणारं कुणी नाही.

तिने दोन्ही गोष्टी सांगितल्या. आधी डोंगरापलीकडची, मग पत्र वाचलं. क्रम तिचा तिलाही कळला.

"तू डोंगरापलीकडे जा," नवरा म्हणाला. मग थांबून श्वास घेतला. "मी काय... आज मरतोय का?"

"आज नाही मरत. मग कधी मरताय ते सांगा, म्हणजे मला तसं ठरवता येईल."

"लोकांच्या हगल्यामुतल्या चादरी धुणार तू?"

"तुमच्या धुतेच ना."

तो हसला आणि हसण्याचा खोकला झाला. तिने पाठीवर हात ठेवला. खोकताना पाठीची हाडं हाताला एकेक करून लागायची. खोकला थांबेपर्यंत तिने तो तसाच ठेवला.

मग सासरा उंबऱ्यावरून म्हणाला, "पोरी, माणसाची कायमची नोकरी म्हणजे त्याचा हात. बाकी सगळं चार दिवसांचं."

"मामंजी, तुमचा हात आहे ना अजून? मग देतं का कुणी काम?"

हे तिने बोलायला नको होतं. ती चुलीकडे गेली. पण मनातून तिचं तेव्हाच ठरलं होतं. सहा आठवडे मानाचे, आणि त्यानंतर पुन्हा बुधवारची सतरंजी. इकडे मान नाही पण खाट आहे. तिने मालकाच्या बागेचा विचार काढून टाकला. म्हणजे काढायचा ठरवला. तो गेला नाही, तो भाग वेगळा.

दवाखान्याच्या कचेरीत खिडकीमागे कारकून होता. समोर काळी डबी, तिच्यावर काचेचा तुकडा.

"अंगठा ठेवा."

तिने उजवा ठेवला. डबीत लाल दिवा लागला.

"नीट ठेवा."

"नीटच ठेवलाय."

"पुसा. दाबा. इतका नको दाबू, फोडशील." त्याने तिला मध्येच अहो-जाहोवरून अगं-तुगंवर आणलं. डावा ठेवला, पुन्हा लाल. मग त्याने तिचा अंगठा धरून खिडकीच्या उजेडाकडे वळवला, भाजीवाल्याकडची मिरची बघावी तसा. "यावर रेघाच नाहीत. कोरी पाटी आहे. काय काम करतेस?"

"डोळे भरते."

"काय?"

तिने सांगितलं. मागे रांगेतलं कुणीतरी हसलं. उजव्या अंगठ्यावर पात्याचे बारीक वार, एकावर एक, बावीस वर्षांचे. डावा दाबून दाबून आणि पट्टी आवळून गुळगुळीत झालेला.

"सही करते की मी," ती म्हणाली. "सातवी झालेय."

"सही कोण विचारतंय आता? अंगठा पाहिजे."

तिला हसावं की रडावं कळेना. तिच्या आजीने अंगठा लावला, आईने लावला, आणि हिला सही करता यावी म्हणून आईने मारून मारून शाळेत पाठवलं होतं. आता सहीला कुणी विचारत नव्हतं.

"मग दुसरं बोट घ्या. पुष्कळ आहेत."

"अर्जावर अंगठा असं छापलंय. बोट असं छापलेलं नाही." कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने आवाज खाली आणला. "हे बघा बाई, रेघा परत येतात. गवंडी येतात, भांडीवाल्या येतात, सगळ्यांचं असंच. पालीची शेपटी येते ना, तशा येतात. पण हाताला आराम पाहिजे. चाकू नाही, माती नाही, धुणं-भांडी नाही. एकवीस दिवस देतो तुम्हाला. एकविसाव्या दिवशी हिरवा दिवा लागला तर जागा तुमची. नाहीतर यादीतल्या पुढच्या बाईला पत्र जाईल. माझ्या हातात नाही."

"कपडे धुवायच्या नोकरीसाठी कपडे धुवायचे नाहीत," ती म्हणाली.

"तेच," कारकून म्हणाला. "पुढचे या."

मालकाला सांगायला ती गेली तेव्हा बायका ट्रकमध्ये चढत होत्या. गाठोडी, कळशी, एकीची शेळी.

"जमणार नाही मालक."

मालकाने पत्र वाचलं, घडी घालून परत दिलं. "कायम आहे. मी काय बोलणार? माझ्याकडे तर मीच कायम नाही." मग जरा कडवटपणे म्हणाला, "तुझ्यापेक्षा एखाद्या आंधळ्याला न्यायचं होतं, निदान त्याने शब्द तरी पाळला असता." ती त्याला शब्द दिलाच नाही असं म्हणणार होती, पण त्या बांधावर तिने मान खाली घालून माती सारखी केली होती, आणि शब्दाहून ते काय कमी होतं?

तिने दोन्ही अंगठ्यांना जुन्या सुती साडीच्या चिंध्या बांधल्या. रात्री झोपताना तेल लावून, दिवसा कोरड्या. मग घरात जे सुरू झालं त्याला शेजारणीने पहिल्याच दिवशी नाव दिलं: अंगठ्याचं बाळंतपण. "काय गं, काय झालं? मुलगा का मुलगी?" म्हणून बायका दारातून विचारायच्या. डोळेवालीही हसायची. "जुळे आहेत," म्हणायची.

पण अंगठा नसलेला हात म्हणजे पंजाच. ती चार बोटांत झाडू धरून बघायची, तो फिरायचा. कळशी उचलली जायची नाही. सासरा चाचपडत भांडी घासायचा आणि प्रत्येक भांड्याला राख राहायची. पीठ नवरा मळायचा. खाटेवर बसून, मांडीत परात घेऊन, चार वेळा मुठी दाबायच्या आणि थांबून श्वास गोळा करायचा. घाम पिठात पडू नये म्हणून मान वळवायचा. ती समोर बसून बघायची. ज्याच्या श्वासासाठी हे सगळं चाललं होतं त्याचाच श्वास परातीत खर्च होत होता.

"द्या इकडे. एका दिवसाने काय होतंय," ती म्हणायची.

"हात लावशील तर बघ," तो म्हणायचा. लग्नानंतर एवढ्या जरबेने तो तिच्याशी पहिल्यांदाच बोलत होता आणि त्याला ते आवडतही होतं.

बुधवारी त्याला आधार देऊन न्यायची तेव्हाही ती अंगठे बाहेर ठेवून चार बोटांनीच त्याचा दंड धरायची. व्हरांड्यात बसलेले लोक बघायचे. नवऱ्याला धरायचीसुद्धा किळस येते हिला, असं एक म्हातारी मोठ्याने म्हणाली. तिने चार बोटांची पकड तशीच ठेवली.

बाराव्या दिवशी सकाळी मालक दारात आला. तो डोंगरापलीकडून रात्रभर प्रवास करून आला होता, डोळे तांबारलेले. खांद्यावर ओल्या गोणपाटाचं गाठोडं. ते त्याने अंगणात सावलीला ठेवलं.

"शंभरात चाळीस," तो म्हणाला. "चाळीस लागतायत. बागवाला मला उभा चिरेल. आठ दिवस ये. आठच. इथल्या खुंटांनाही टँकरचं पाणी दिलंय, साल सुटलीये, मी बघूनच आलो. आज इथले भर, उद्या माझ्याबरोबर तिकडे चल."

"मालक, नऊ दिवस राहिलेत माझे."

"दाखव तरी अंगठा."

तिने चिंधी सोडली. स्वतःही तिने इतक्या दिवसांत तो उजेडात बघितला नव्हता. वारांच्या खुणा फिक्या पडल्या होत्या, आणि कडेकडेने, अगदी बारीक, रेघा उठायला लागल्या होत्या. दोघेही त्या अंगठ्यावर वाकून बघत होते.

"आल्यात," मालक म्हणाला. आवाजात खरंच कौतुक होतं. मग म्हणाला, "काड्या ठेवून जातो. संध्याकाळपर्यंत मन बदललं तर निरोप पाठव. नाहीतर राहू दे. आता परत न्यायच्या तरी कुठे?"

तो गेला. गाठोडं राहिलं. सासरा सरपटत त्याच्याजवळ गेला, गोणपाट उलगडलं आणि एकेक काडी चाचपून बघू लागला. "चांगल्या आहेत गं. हा बघ, कसा टपोरा आहे. आज भरला तर आज. उद्यापर्यंत नाही टिकायचा." त्याने स्वतःचा जुना चाकू मागितला. तिने दिला. का दिला, तिलाच माहीत. म्हाताऱ्याने एक डोळा उतरवला, बरोबर उतरवला, पण झेलायला गेला तर तो मांडीवरून घसरून मातीत पडला. दुसऱ्याला पातं अंगठ्यात गेलं. रक्त बघून नवरा खाटेवरून ओरडला, आणि ओरडण्यानेच त्याला धाप लागली.

"ठेवा मामंजी. ठेवा तो चाकू."

"शिकवलं ते मी ना तुला?" म्हातारा म्हणाला आणि एकदम रडायलाच लागला.

दुपारभर ती गाठोड्यापासून तोंड फिरवून बसली. गोणपाटावर पाणी शिंपडायला हात दोनदा उठला, दोनदा खाली आला. एकेका काडीवर आठ-दहा डोळे, सगळे जिवंत, आणि तिला ते भरता येत होते. जगात जे तिला सगळ्यात चांगलं येत होतं तेच करायचं नाही म्हणून ती हातावर हात ठेवून बसली होती. तिला मालकाचा राग आला, कारकुनाचा आला, नवऱ्याच्या फुप्फुसांचाही आला. संध्याकाळी काड्या मलूल पडल्या. तिने त्या चुलीत घातल्या, पण ओल्या सालीचा इतका धूर झाला की नवरा गुदमरायला लागला. मग सासऱ्याने त्या अर्धवट जळक्या काड्या चिमट्याने बाहेर काढल्या आणि घरामागे टाकल्या.

एकविसाव्या दिवशी हिरवा दिवा लागला.

कारकुनाला तिच्याइतकाच आनंद झाला. "बघा! म्हटलं नव्हतं?" त्याने कागदावर शिक्का मारला. "कायम."

नवऱ्याला त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावर खाट मिळाली. खिडकीजवळची. पहिल्या दिवशी तो उशांना टेकून, नळी लावून, सहा तास सलग झोपला. ती कामाच्या मधल्या सुट्टीत वर गेली आणि दारातून बघितलं तर तोंड उघडं टाकून घोरत होता. त्याला घोरताना तिने दोन वर्षांत ऐकलं नव्हतं. तिला वाटलं, बरं केलं मी. मालक काय, बाग काय, खड्ड्यात जाऊ दे सगळं. हे घोरणं ऐकायला मिळालं ना?

धुलाई खातं तळघरात होतं. चार मोठे हौद, उकळतं पाणी, सोडा आणि एक पांढरी भुकटी. तिच्या डब्याचं झाकण उघडलं की नाकातून पाणी यायचं. तिला शेवटचा हौद मिळाला. लाकडी दांड्याने चादरी ढवळायच्या, वर काढायच्या, दोघींनी दोन टोकं धरून पिळायच्या. हातमोजे होते, मोठे साहेब बघायला येणार असतील त्या दिवशी मिळायचे. तिने स्वतः एक जोड आणला तर कोपरापर्यंतचं गरम पाणी वरून आत शिरून आतच राहिलं आणि हात उकडले. तिने ते फेकून दिले. रोज सकाळी आत शिरताना दाराशी तशीच काळी डबी होती. अंगठा ठेवायचा, हिरवा दिवा, की हजेरी लागली.

हौदावरच्या मुख्य बाईला थोरली म्हणत. ती आणि तिच्याबरोबरच्या दोघी जुन्या. त्या डबीकडे बघायच्याही नाहीत. त्यांच्यासाठी खिळ्याला एक वही टांगलेली असायची, त्या तीत सही करायच्या. डोळेवालीला वाटलं, जुन्यांचा मान असेल.

दोन महिने झाले नाहीत तोच एका सोमवारी लाल दिवा लागला. तिने हात पुसला, पदराला घासला, पुन्हा ठेवला. चौथ्यांदा हिरवा झाला. दुसऱ्या दिवशी दहाव्यांदा. तिसऱ्या दिवशी झालाच नाही. ती दिवसभर राबली आणि यंत्रात ती आली नव्हती.

तिने हाताकडे बघितलं. बोटांची टोकं पांढरी, फुगलेली, सोलल्यासारखी. पात्याने बावीस वर्षांत जे केलं होतं ते सोड्याने दोन महिन्यांत केलं होतं.

कारकुनाने हात टेकले. "सात गैरहजेऱ्या झाल्या की नाव आपोआप कमी होतं. मी नाही करत, ते यंत्रच करतं."

"मी समोर उभी आहे ना तुमच्या?"

"मला दिसताय. त्याला नाही दिसत."

"मग आधीसारखी सुट्टी द्या. एकवीस दिवस."

"सहा महिने व्हायच्या आत सुट्टी नाही."

"वहीत सही करू द्या. त्या तिघी करतात."

"त्या यंत्र यायच्या आधीच्या आहेत बाई. त्यांना सूट आहे. नव्यांना अंगठाच."

तळघरात ती परत आली तेव्हा थोरली बादलीत सोडा कालवत होती. डोळेवालीने तिचा हात धरला आणि उलटा केला. थोरलीचा अंगठा आरशासारखा होता.

"तुला माहीत होतं," डोळेवाली म्हणाली.

"माहीत असणारच. यंत्र आल्यापासून या हौदावर चार बायका आल्या. तू पाचवी. कुणी दोन महिने टिकते, कुणी तीन. एक तर रात्री अंगठा तुपात बुडवून झोपायची." थोरलीने हात सोडवून घेतला आणि परत सोडा कालवायला लागली. "जागा कायम आहे गं. बाई कायम नाही."

"मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर आली नसतीस? नवरा खोकत होता ना तुझा?"

डोळेवालीने दांडा उचलला आणि चादरी ढवळायला लागली.

पाचवी गैरहजेरी लागली त्या दिवशी ती कामावरून सुटल्यावर रोपवाटिकेकडे गेली. फाटक उघडं होतं. रानलिंबाच्या ओळी होत्या तिथे नांगर फिरवलेला, आणि नांगरटीत खुंट मुळं वर करून पडलेले. राखणदार म्हणाला, मालकाने धंदा आवरला. डोंगरापलीकडच्या बागवाल्याने मजुरी तर दिलीच नाही, वर रोपांची भरपाई मागितली. बायका रस्त्याच्या कामावर गेल्या. तिने एक खुंट उचलून सवयीने नखाने साल उचलली. साल ओली होती, सुटलीही असेल, पण तिच्या बोटांना काहीच लागलं नाही. सुटली का फाटली, ते तिला डोळ्यांनी बघावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सहावी लागली.

त्या दिवशी ती वर गेली तेव्हा नवरा खाटेवर पाय सोडून बसला होता. गालांवर मांस आलं होतं. दाढी केलेली. डॉक्टरने आज त्याला खोलीच्या दारापर्यंत चालवलं होतं आणि तो तेच सांगायला टपून बसला होता.

"दारापर्यंत गेलो. एकदाही थांबलो नाही. डॉक्टर म्हणतात असेच चार महिने हवा मिळाली तर अंगणात हिंडाल." त्याने तिचा हात हातात घेतला आणि चमकून बघितलं. "अगं, केवढा मऊ झालाय! लग्नाच्या पहिल्या वर्षापासून चाकूचे घट्टे होते तुझ्या हाताला. आता बघ, सावकारणीसारखा लागतोय."

"कायमची नोकरी आहे," ती म्हणाली. "हात मऊ होणारच."

तिला सांगायचं होतं. सांगायलाच ती जिना चढली होती. पण तो इतक्या खुशीत होता, आणि चार महिने हा शब्द त्याने इतका जपून उच्चारला होता, की ती दुसऱ्या हाताने त्याची उशी सारखी करायला लागली.

दारात एक बाई केव्हाची उभी होती. खांद्यावर लुगड्याचं धडपं, हात कोपरापर्यंत राखेने करपलेले, भांडी घासणारीचे. तिचा नवरा खाली व्हरांड्यात सतरंजीवर होता, नळी काढून झाली होती आणि त्याची धाप वरपर्यंत ऐकू येत होती.

"हीच ती," नवरा अभिमानाने म्हणाला. "सकाळपासून तुझी वाट बघतेय. मी सांगितलं, आमची मंडळी इथे कायम आहे, ती सांगेल. सांग ना हिला, काय करावं लागतं ते."

बाई दोन पावलं आत आली. "ताई, मी अर्ज दिलाय. यादीत पहिलंच नाव आहे म्हणतात माझं. तुमच्या खात्यात जागा निघाली तर कळवाल का?"

डोळेवालीने तिच्या हातांकडे बघितलं, अंगठ्यांकडे बघितलं. खालून धाप ऐकू येतच होती.

"निघेल," ती म्हणाली. "उद्याच निघेल. आजपासून भांड्यांना हात लावू नका."

बाईने हात जोडले आणि जिन्याकडे पळाली. पुढचं डोळेवालीने तिला सांगितलं नाही.

नवरा हसत होता. "उद्याच? उद्या कोण जातंय सोडून?" मग त्याने बायकोच्या तोंडाकडे बघितलं, हातातल्या मऊ अंगठ्याकडे बघितलं, आणि त्याचं हसू थांबलं.